मदत हवी आहे : रो.४३ या सागरी विमानाच्या माहितीफलकावरील एक वाक्य

नमस्कार.

दुसऱ्या महायुद्धातील इटालियन नौदलाच्या रो.४३ या टेहळणी विमानाची १:७२ प्रमाणातील प्रतिकृती मी करत असून, ती झारा या क्रूझर प्रकारच्या युद्धनौकेच्या (स्वयंपाकघरातल्या झाऱ्याशी नाव जुळते, त्याला इलाज नाही) नाळेवरील, म्हणजे पुढच्या टोकावरील, कॅटापुल्टवर (विमान झटक्याने हवेत सोडणाऱ्या यंत्रावर) बसवली आहे. अडले आहे ते माहितीफलकाशी. ‘हे विमान जहाजावरून उडे, पण सहसा जहाजावर परतत नसे’ असे मी लिहिले, तेव्हा एका स्नेह्यांनी विचारले, “मग पोटाखाली एवढा मोठा तरंडा कशाला लावला?” तरंडा म्हणजे विमानाला पाण्यावर तरंगत ठेवणारा होडीसारखा भाग, तेव्हा प्रश्न रास्त आहे.

नेपल्सच्या इमाम कंपनीने आपल्याच रो.३७ या जमिनीवरून उडणाऱ्या दुपंखी विमानावरून हे विमान बेतले आणि १९३४ मध्ये ते प्रथम उडाले. पियाजो कंपनीचे ७०० अश्वशक्तीचे इंजिन, मधोमध एक मोठा तरंडा, खालच्या पंखांखाली दोन छोटे तरंडे आणि जहाजावरील अपुऱ्या जागेसाठी दुमडता येणारे पंख, अशी त्याची रचना होती. वैमानिक हवाई दलाचा, तर मागे बसणारा निरीक्षक नौदलाचा असे. एका विमानात दोन खात्यांचा हा संसार मला तरी अवघडच वाटतो.

शत्रू हुडकण्यात मात्र विमान कमी पडले नाही. २७ नोव्हेंबर १९४० रोजी भूमध्य समुद्रातील स्पार्तिव्हेन्तोच्या लढाईत बोल्झानो क्रूझरवरील रो.४३ ने ब्रिटिश ताफा पाहिला. २८ मार्च १९४१ च्या सकाळी, ग्रीसजवळच्या मातापानच्या लढाईच्या आरंभी, व्हित्तोरिओ व्हेनेतो या इटालियन युद्धनौकेवरील रो.४३ विमानाने ब्रिटिश क्रूझर गाठून खबर दिली. खरी पंचाईत त्यानंतरची होती. बांधणी नाजूक असल्याने खवळलेल्या समुद्रावर उतरणे धोक्याचे होते, आणि उतरले तरी त्याला उचलून घेण्यासाठी जहाजाला वेग तोडावा लागे, म्हणजे पाणबुडीला आयतेच सावज. त्यामुळे कामगिरी संपली की विमान किनाऱ्यावरील तळाकडे जाऊन तिथल्या शांत पाण्यात उतरे, आणि त्या मोहिमेपुरते तरी जहाज आपल्या डोळ्यांना मुके. पुढे १९४२ मध्ये कॅटापुल्टवरून सोडण्याजोगी रेज्जाने २००० ही चाकांची लढाऊ विमाने आणली गेली. ती तर धावपट्टीवरच उतरणार होती. म्हणजे परत उचलण्याची आशाच सोडून दिली होती.

आता मदत हवी आहे ती अशी. एवढा सगळा खुलासा फलकावरील दोन ओळींत, विमानावर अन्याय न करता, कसा मांडावा? तसेच ‘तरंडा’ हा शब्द तराफ्याचा भास देतो का, की सरळ ‘फ्लोट’ लिहावे? आणि आपल्यापैकी कुणी नौदलात काम केले असेल, तर जहाज वळवून त्याच्या आडोशाला शांत पाण्याचा पट्टा तयार करतात आणि तेवढ्यात विमान उतरवून क्रेनच्या आकड्याला अडकवतात, ती रीत कृपया पायरीपायरीने सांगावी. तळाच्या लाकडी पाटावर अजून वीतभर जागा मोकळी आहे. जमल्यास तो प्रसंगही तिथे उभा करीन.