लहानपणापासूनचं दैवत अचानक समोर आलं तेव्हा… (अनुभव लिहा)

गोदाकाठची
मंगळवारी नाशिकला शालिमारच्या चौकात छत्री दुरुस्तीला टाकली. तो म्हणाला अर्ध्या तासाने या. पाऊस असा की उभं राहवेना, म्हणून जवळच्या एका सभागृहात शिरले. तर आत अहिल्यादेवींवरचं प्रदर्शन! पेपरात वाचलं नव्हतं, कुणी सांगितलंही नव्हतं.

माझं माहेर चांदवड. होळकरांच्या रंगमहालात अर्धं लहानपण गेलंय. आजी त्यांना 'आपल्या बाई' म्हणायची, जणू वरच्या आळीत राहतात. नवरा कुंभेरीच्या वेढ्यात १७५४ ला गेला, सासरे १७६६ ला, मुलगा पुढच्याच वर्षी. हे इतक्यांदा ऐकलं होतं की मला ती आमच्याच घरातली सुतकं वाटायची.

प्रदर्शनात मोडी पत्रं होती, महेश्वरी साड्या होत्या, काशी-सोमनाथच्या देवळांचे फोटो होते. मी आपली बघत चालले होते. मग एका पेटीत चांदीचं नाणं दिसलं. फारसी अक्षरं, शिवलिंग आणि तीन पानांचा बेल. खाली चिठ्ठी, 'महेश्वर टांकसाळ'. पाय तिथेच खिळले. अगदी असाच रुपया आमच्या देवघरात होता! आजी त्याला 'बेलाचा रुपया' म्हणायची. दर सोमवारी चिंचेने घासायची आणि हळदकुंकू वाहायची. कुंकू खाचांत बसून बेल कायम लालच दिसायचा. तो कुणाच्या काळातला, हे आजीलाही माहीत नव्हतं. रोज त्यांच्याच गोष्टी सांगायची आणि त्यांचाच रुपया पूजायची!

आजी गेल्यावर १९८९ ला जुनी चांदी मोडीत काढली, त्यात तोही गेला. माझ्या पैंजणांसाठी. पैंजण मीच हट्टाने मागितले होते.

छत्री तिथेच राहिली. तुमचं असं काही झालंय का? लिहा.

द्राक्षवेल
कधीपर्यंत आहे? पार्किंग मिळतं का तिथे?

गोदाकाठची
रविवार संध्याकाळपर्यंत. पार्किंग विसरा, सिंहस्थासाठी सगळं खोदून ठेवलंय. रिक्षाने जा.

चांदवडकर_पुण्यात
ताई, चांदवड वाचलं आणि थांबलो. कोणती आळी? आमचं घर पेठेत होतं. रंगमहालातले ते कोरीव लाकडी खांब! आम्ही लपाछपी खेळायचो, डाव आला की खांबाला पाठ लावून आकडे मोजायचो. भिंतीवरच्या चित्रांतला घोडेस्वार आपल्याकडेच बघतोय असं वाटायचं. रेणुकामातेच्या नवरात्राला येता का अजून?

गोदाकाठची
अय्या, पेठेतले? खासगी निरोप धाडते.

मोडीचा_नाद
नाण्याबद्दल थोडं. त्या काळी मराठी सरदारांच्या टांकसाळींतूनही नाणी दिल्लीच्या बादशहाच्या नावानेच पडत. तुम्ही बघितलेल्या नाण्यावर फारसीत शाह आलमचं नाव असणार. शिवलिंग आणि बेल ही बाईंच्या महेश्वरची खूण. म्हणजे बादशहाचं नाव वाचायला, बेल ओळखायला. चांदवडलाही होळकरांची टांकसाळ होती, 'चांदवडी रुपया' म्हणत. नाण्यांची आवड असेल तर त्र्यंबक रस्त्यावर अंजनेरीचं नाणी संग्रहालय जरूर बघा, सकाळीच जा.

आनंदवल्लीकर
सासरे आणि मुलगा गेल्यावर बाई एकट्या पडल्या म्हणून राघोबादादा फौज घेऊन निघाला होता ना? बाईंनी निरोप धाडला म्हणे, मी हरले तर कुणी हसणार नाही, पण तुम्ही बायकांकडून हरलात तर तोंड कुठे लपवाल! मग म्हणाले आम्ही सांत्वनाला आलोय. 😄 हेच दादासाहेब आमच्या आनंदवल्लीला वाडा बांधून राहिले. लहानपणी हे कळल्यावर मला गावाचीच लाज वाटायची. आता नाही वाटत. फ्लॅटचे भाव बघितले की फक्त रडू येतं.

निफाडची_सून
वासराला रथाखाली चिरडलं म्हणून स्वतःच्या मुलाला तीच शिक्षा द्यायला निघाल्या होत्या ती गोष्ट होती का प्रदर्शनात? माझी आवडती.

मोडीचा_नाद
ती दंतकथा आहे हो काकू. मालेराव आजारपणात गेले.

निफाडची_सून
असू दे. मी नातवाला रथाचीच सांगणार. तो वासराच्या बाजूने रडतो.

कवळाण्याचा
आम्ही मालेगाव तालुक्यातले. कवळाणे, म्हणजे सयाजीरावांचं गाव. १८६३ चा जन्म, नाव गोपाळ. १८७५ ला बडोद्याच्या गादीवर दत्तक गेले. आमच्या वडिलांचं एकच पालुपद, "गावचं पोर राजा झालं, तू दहावी तरी हो!"

चार वर्षांपूर्वी मावसबहिणीच्या लग्नाला बडोद्याला गेलो. वऱ्हाड साड्या घ्यायला गेलं, मला कंटाळा आला म्हणून लक्ष्मीविलास राजवाड्याचं तिकीट काढलं. खरं तर सावलीत बसायला. आत महाराजांचं मोठं चित्र. दागिने, शिरपेच, सगळं. मी तिथल्या रखवालदाराला म्हटलं, भो, हे आमच्या गावचे. तो म्हणाला सगळेच असं म्हणतात. मी आधारकार्ड काढून पत्ता दाखवला! मग त्याने खुर्ची दिली. १९०६ ला राज्यभर सक्तीचं मोफत शिक्षण केलं त्यांनी, बाबासाहेबांना १९१३ ला अमेरिकेला जायला शिष्यवृत्ती दिली, आणि मी दहावीला दोनदा बसलो. वडील असते तर त्या चित्रासमोर पुन्हा ऐकवलं असतं.

द्राक्षवेल
आधारकार्ड 🤣🤣

कुकर_चालूय
तीन शिट्ट्यांत लिहिते. माझं दैवत सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी, चौथीच्या पुस्तकापासून. मुलीच्या शाळेची सहल पांडवलेण्यात, मी पालक म्हणून पाण्याच्या बाटल्या सांभाळायला. तीन नंबरच्या लेण्यात ओसरीच्या भिंतीवरचा लेख सरांनी दाखवला. मुलगा गेल्यावर त्याच्या पराक्रमाबद्दल आईने, गौतमी बलश्रीने, कोरून घेतला, नातू पुळुमावीच्या १९ व्या वर्षी. मी नाशकात जन्मले, तिथे पंचवीस वेळा गेले असेन, भेळ खाल्ली, फोटो काढले, आणि तो लेख डोक्यावर होता! आईने लिहिलाय हे कळल्यावर बाटल्या खाली ठेवल्या. शिट्टी झा

मखमलाबादी
सिन्नरकडच्या जोगलटेंभीला १९०६ मध्ये क्षत्रप राजा नहपानाची १३ हजारांवर नाणी सापडली होती, त्यातल्या बऱ्याचशांवर याच गौतमीपुत्राने आपला शिक्का पुन्हा मारलेला. ज्याला लढाईत हरवलं त्याचीच नाणी घेऊन त्यावर ठप्पा! याला म्हणतात उट्टं काढणं.

चांदवडकर_पुण्यात
ताई, तुमचा रुपया मोडीत गेला ते वाचून वाईट वाटलं. आमच्याकडेही पितळी समया अशाच गेल्या. स्टीलचे डबे आले बदल्यात.

आनंदवल्लीकर
आमच्याकडे बदल्यात प्लॅस्टिकची बादली. त्यापेक्षा पैंजण बरे.

गोदाकाठची
काल आईला फोन केला. नाण्याचं सांगितलं. ती बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "सोनाराने विचारलं होतं, हा वेगळा दिसतोय, ठेवता का? मी म्हटलं, पोरीचे पैंजण हलके होतील." दुपारी कपाट उपसलं. पैंजण आहेत. काळे पडलेत, घोट्यात जात नाहीत, एकाचे चार घुंगरू गळालेत. चिंचेने घासून ठेवलेत.

निफाडची_सून
आता मोडू नको हं.

द्राक्षवेल
आज जाऊन आलो प्रदर्शनाला. नाणं बघितलं. त्या बाजूच्या छत्रीवाल्याकडे एक जांभळी छत्री टांगलेली आहे, तुमची का?

गोदाकाठची
दांडा लाकडी आहे का?