शब्दचर्चा : हव्यास, नाद, छंद की हौस?

विचारणा (शहापूर, बेळगाव) : चिनी मातीच्या किटल्या, जुन्या कपबशा आणि ठिकठिकाणचे चहा मी जमवतो. त्यांची नोंदवही करतोय. कन्नड माध्यमात शिकणाऱ्या भाचीने वहीवर सुंदर अक्षरात लिहून दिलं, ‘मामांचा हव्यास – चहा’. आई म्हणाली, चांगल्या कामाला हव्यास म्हणू नये. मग काय म्हणावं?

खानापूर : भाचीचं कन्नड अगदी बरोबर आहे. कन्नडमध्ये हव्यास म्हणजे छंद, आवडीने जोपासलेली गोष्ट. पोट त्यावर नसलेल्या नटांचं नाटक ते ‘हव्यासी’ नाटक. तीच मंडळी मराठीत ‘हौशी’ होतात. मराठीत मात्र हव्यासाला लोभाचा वास आहे: सत्तेचा हव्यास, पैशाचा हव्यास. शब्द एकच, पण आपल्या भागात एकाच गल्लीत दोन अर्थांनी फिरतो, म्हणून आईचंही बरोबर आणि भाचीचंही.

माझं मत हौसेला. ‘चहाचा नाद’ म्हटलं की लोकांना दिवसाला दहा कप ढोसणारा माणूस दिसतो, कारण नाद लागतो, माणूस नादी लागतो, त्यात आपलं काही चालत नाही. शौकात खिसा आधी दिसतो. हौसेतही पैसा जातोच, पण हौसेला मोल नाही असं आपणच म्हणतो. टवका उडालेली बशी कुणी जपून ठेवली असेल, तर त्याला हौसेखेरीज दुसरा शब्द मला सुचत नाही.

निपाणी : हौसेत एक अडचण आहे. हौस फिटते. लग्नाची हौस, दागिन्यांची हौस, एकदा फिटली की विषय मिटला. जमवणाऱ्याचं तसं होत नाही, म्हणून मी ‘छंद’ म्हणेन. शाळेच्या निबंधाने हा शब्द गुळगुळीत केलाय हे मान्य, पण छंद फिटत नाही, जडतो.

जाता जाता अजून एक. दार्जिलिंगच्या वसंतातल्या पहिल्या पानांना सगळे ‘फर्स्ट फ्लश’ म्हणतात. ‘पहिली खुडणी’ का नको? आमच्याकडे तंबाखूचे शेंडे खुडतात, ते टाकून देण्यासाठी. चहात दोन पानं आणि कोंब खुडतात, आणि जे खुडलं तेच कपात येतं. शब्द दोन्हीकडे शोभतो.

शहापूर : खुडणी लगेच वहीत घेतली. दुसरा प्रश्न. युन्नानचा पु-अर चहा दाबून त्याच्या गोल वड्या करतात, नेहमीची वडी 357 ग्रॅमची. काही प्रकार वर्षानुवर्षं ठेवून मग पितात. अशा चहाला ‘जुना’ लिहिलं तर वाचणाऱ्याला तो शिळा वाटेल काय?

खानापूर : बेळगावच्या माणसाला वाटणार नाही. तांदळाच्या दुकानात ‘जुना हाय का?’ असंच विचारतात, आणि जुन्याला दोन पैसे जास्त मोजतात. जुना म्हणजे ठेवून सुधारलेला, शिळा म्हणजे ठेवून बिघडलेला. ‘मुरलेला’ही चालेल, कारण पु-अर नुसता पडून राहत नाही, आतून हळूहळू बदलत जातो. फक्त हे सगळ्या चहांना लावू नका. हिरवा चहा ठेवला की वास जातो, तो जुना होत नाही, शिळाच होतो.

किटलीलाही हीच भाषा लागू पडते. चीनमधल्या यीशिंगच्या किटल्यांना आतून-बाहेरून झिलई नसते. मातीत चहाचा वास उतरतो, म्हणून जाणकार एका किटलीत एकाच जातीचा चहा करतात आणि तिला साबण लावत नाहीत. आमच्या खानापुरातही कुंभारकाम चालतं. किटली बघताना इथला माणूस आधी तोटी बघतो: ओतणं थांबवल्यावर शेवटचा थेंब तुटतो, की ओघळ तोटीखालून पोटावर येतो? ज्या किटलीला ओघळ येतो तिची नोंद वहीत तशीच करा. ‘गळकी’ लिहू नका, गळकी म्हणजे चीर गेलेली.

चंदगड रस्ता : ‘चहाबाज’ टाळा, ‘बाज’ लागला की माणूस बदनाम होतो. आणि चहाटळ, चहाडी यांचा चहाशी काही संबंध नाही, कुणी जोडला तर ऐकू नका.

शहापूर : शेवटचं. कुठे काय प्यायलो, कुणी पाजलं, तेही लिहायचंय. ‘अनुभव जमवले’ हे कानाला खटकतं.

निपाणी : खटकणारच. अनुभव येतो, घेतो, आणि गाठीशी राहतो. किटल्या जमवायच्या, अनुभव गाठीशी बांधायचे. ‘बसा की, चा घेऊन जावा’ म्हणून ओळख नसताना कुणी थांबवलं, तर ते वाक्य जसंच्या तसं उतरवा, ‘जावा’चं ‘जा’ करू नका. वहीला दोन रकाने पाडा: भांड्यांसाठी ‘संग्रहात’, चहासाठी ‘चाखले’.