मदत हवी आहे: पाळणाघरातलं काम, पुढे काय करू?

ताई-दादांनो, कोथरूडमधल्या एका पाळणाघरात 3 वर्षं काम करतेय. सकाळी 8 ते संध्याकाळी 7, पगार 9 हजार. भरवणं, झोपवणं, शी-शू, तापात आईला फोन, सगळं येतं. हट्टी पोरगंसुद्धा माझ्याकडे जेवतं (हे मात्र कुठल्या सर्टिफिकेटवर नसतं!). बारावी झालेय, पण वय 37, म्हणून अंगणवाडी भरतीत बसत नाही. 50 किंवा जास्त कर्मचारी असलेल्या कंपन्यांना 2017 पासून पाळणाघराची सोय कायद्याने बंधनकारक आहे ना? तिथे बायका कशा घेतात, थेट की एजन्सीमार्फत? पीएफ मिळतो का? मॉन्टेसरीचा कोर्स करून पगार खरंच वाढला, असं कुणी आहे का? फीचे पैसे साठवूनच भरावे लागतील, म्हणून आधी विचारतेय.