मदत हवी आहे: ईडब्ल्यूएसआर१ जीनची फिश चाचणी (चमकणाऱ्या डीएनए-तुकड्यांनी, म्हणजे प्रोबने, जीन तुटलंय का बघणं) दोनदा फेल, आता कुठे पाठवू?

बार्देसकर:
१४ वर्षांचा मुलगा, मांडीच्या हाडात गाठ. लहान गोल निळ्या पेशी, सीडी९९ आणि एनकेएक्स२.२ (ईविंग ट्यूमरकडे बोट दाखवणारी प्रथिनं) पॉझिटिव्ह. मुंबईहून ब्रेक-अपार्ट फिशचा रिपोर्ट दुसऱ्यांदा 'सिग्नल नाही'. ब्लॉकमध्ये (मेणात बसवलेला ऊतीचा तुकडा) ट्यूमर ७० टक्के. ऑन्कोलॉजिस्टचा रोज फोन. चांगली लॅब सुचवा, लवकर.

मायक्रोटोम:
डिकॅल (हाडातलं कॅल्शियम काढणं) कशात केलं?

बार्देसकर:
हाड आहे म्हणजे डिकॅल होणारच. नेहमीचंच.

मायक्रोटोम:
नेहमीचं म्हणजे नायट्रिक आम्ल ना? मग लॅब बदलून काय होणार, पात्रांव! आम्लाने डीएनएचे तुकडे पडतात, प्रोब बसणार कुठे? आयएचसी (सीडी९९सारखी प्रथिनं दाखवणारी रंग-चाचणी) बऱ्याचदा निभावते, म्हणून ब्लॉक धडधाकट वाटतो.

एनजीएसप्रेमी:
फिश सोडा, आरएनए फ्यूजन पॅनल (कुठले दोन जीन जोडले गेलेत ते आरएनएवरून शोधणारी चाचणी) करा. ब्रेक-अपार्ट फक्त जीन तुटलंय एवढंच सांगतं. जोडीदार एफएलआय१ निघाला तर ईविंग सार्कोमा, डब्ल्यूटी१ निघाला तर डेस्मोप्लास्टिक लहान गोल पेशींचा ट्यूमर. सीआयसी, बीकोर या जीनचे बदलही त्यातच कळतात.

मायक्रोटोम:
आम्लात बुडवलेल्या ब्लॉकातून आरएनए? तो तर डीएनएच्या आधी जातो. पालकांचे पैसे पाण्यात.

फोंडेकर:
फॉर्मलिन (ऊती टिकवणारं द्रावण) बफर्ड, म्हणजे पीएच स्थिर ठेवलेलं, आहे का? चवथीच्या सुट्टीत डबा आठवडाभर पडून राहिला असेल तर तेही बघा.

बार्देसकर:
फॉर्मलिन बफर्डच, एकच दिवस. कॅसेट (ऊती ठेवायच्या डब्या) दोन होत्या, ए आणि बी. बी मऊ म्हणून डिकॅल न करता प्रोसेसरला गेली, पण अर्धी क्रश (चिरडलेली) आहे, ट्यूमर थोडाच. म्हणून डिकॅल केलेला ए ब्लॉक पाठवला.

मायक्रोटोम:
अहो, हे आधी सांगायचं! बी पाठवा. फिशला शंभरेक धड केंद्रकं मिळाली की भागतं. एच अँड ईवर (नेहमीच्या रंगाची स्लाइड) क्रश नसलेला भाग मार्करने गोल करा, ४ मायक्रॉनचे सेक्शन चार्ज्ड (ऊती घट्ट धरणाऱ्या) स्लाइडवर घ्या, उरलेला ब्लॉक जपा. एनजीएसप्रेमींचं पॅनल करायचंच तर त्यावर. आणि पुढच्या वेळी हाडाला आम्लाऐवजी ईडीटीए (कॅल्शियम हळू काढणारं रसायन), १४ टक्के, पीएच ७.२ ते ७.४, द्रावण रोज बदलून. दिवस जातात, पण डीएनए राहतो. इम्प्रिंट (ताजी गाठ काचेवर टेकवून घेतलेले ठसे) काढले होते का?

बार्देसकर:
दोन, गीम्सा रंग दिलेले. चालतील?

मायक्रोटोम:
रंग काढून चालतात. सेक्शनमध्ये केंद्रक कापलं जातं, इम्प्रिंटमध्ये अख्खं असतं, सिग्नल मोजायला उलट सोपं. आधी फोटो मात्र काढा. त्या स्लाइडवर नंतर मॉर्फॉलॉजी (पेशींचा आकार, रचना) बघायला मिळणार नाही.