करडू रेडकाबरोबर ठेवलं तर चालतं का?

नमस्कार मंडळी. बार्शीकडं दोन एकर रान आहे आमचं, दोन म्हशी आणि चार उस्मानाबादी शेळ्या. परवा एका शेळीला तीन करडं झाली, त्यातलं बारकं पाट (मादी करडू) तिला नकोच झालंय, जवळ गेलं की शिंगानं उडवतीय, म्हणून बाटलीवर घेतलं तर रात्रभर ओरडतंय. शेवटी काल बायकोनं वैतागून त्याला वीस दिवसाच्या रेडकापाशी नेऊन सोडलं आणि गपगार! सकाळी बघतो तर त्याच्या पोटाला टेकून झोपलेलं. पण रेडकू तीसेक किलोचं अन हे दोन किलोचं पण नाही, चेंगरणार नाही का? रोगाचं काय?

शेळीवाली ताई: दादा आधी सांगा चीक पाजला का? पहिल्या तास-दोन तासात पोटात गेला असेल तर निम्मी काळजी मिटली. आता दिवसाला 200-250 मिली कोमट दूध, चार-पाच वेळा वाटून. एकदम ढोसू नका, हगवण लागते.

गोठा नं 1: चेंगरायचं नंतर बघा, खरा त्रास चोखण्याचा. रेडकू दूध पिऊन झालं तरी तोंड थांबत नाही त्याचं, करडाचे कान, बेंबी काय सापडेल ते चोखतं. बेंबीला टिंक्चर आयोडीन लावा आणि दूध झालं की अर्धा तास वेगळं ठेवा, रेडकाचं तोंड पुसून थोडं वाळलं गवत टाका पुढं. रक्ती हगवणीचे जंतू म्हशीचे वेगळे शेळीचे वेगळे, पण साल्मोनेलासारखं काही आलं तर दोघांनाही होतं अन आपल्याला पण, त्यामुळं एक जरी पातळ हागलं तर लगेच वेगळं करा.

रानवाट: दिवसा मात्र बाकीच्या करडांत सोडत जा हं. आमचं एक असंच वाढलेलं बोकड म्हशींमागं ओढ्यापर्यंत जायचं, त्या पाण्यात बसल्या की हे काठावर उभं राहून बोंबलायचं 😄 शेळ्यांकडं ढुंकून बघायचं नाही.

प्रश्नकर्ता: चीक पाजलाय ताई, त्याच शेळीला धरून पिळला. आज कोपऱ्यात आडवं फळकूट ठोकलं, खालून फक्त करडू जाईल एवढीच फट, आत गोणपाट. तर हे शहाणं आत जायचं सोडून फळकुटाला चिकटून बसलंय आणि पलीकडून रेडकू त्याचं डोकं चाटतंय.