पहिल्या आफ्रिकन सफारीसाठी रायफल: .३७५ की .४१६? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

पुढच्या जुलैत झिंबाब्वेला, झांबेझीच्या खोऱ्यात दहा दिवसांची शिकार ठरली आहे. एकच केप बफेलो (आफ्रिकेतला रानरेडा), कळपाबाहेर पडलेला म्हातारा नर. तिकडे त्यांना ‘डग्गा बॉय’ म्हणतात, सतत चिखलाने माखलेले असतात म्हणून. इसार देऊन झाला, रायफल मात्र ठरत नाहीये. (शिकार करावी की नाही यावर वेगळा धागा काढा, मी तिथे नक्की बोलेन. इथे कृपया फक्त रायफल.)

माझ्याबद्दल थोडं. टेक्सासमध्ये सोळा वर्षं झाली. दर हंगामात .३०८ रायफलीने (हे आकडे गोळीच्या इंचातल्या व्यासाचे) हरण आणि रानडुक्कर करते. उंची पाच फूट दोन इंच, वजन ५३ किलो. हे मुद्दाम सांगतेय, कारण दुकानातला प्रत्येक दस्ता मला लांब पडतो. मान पुढे काढावी लागते आणि दस्ता खांद्यात घट्ट बसत नाही.

गेल्या महिन्यात मैत्रिणीच्या नवऱ्याची .४१६ रिग्बी रेंजवर चालवून पाहिली. दोन गोळ्या ठीक गेल्या. तिसऱ्या वेळी स्कोपची कड भुवईवर बसली, तीन टाके पडले. टाके भरून आले, पण खरी अडचण नंतर कळली. मैत्रिणीने माझ्याच .३०८ मध्ये मला न सांगता मधे एक डमी काडतूस भरलं. मी चाप ओढला, नुसता ‘टक्’ आवाज झाला, आणि नळीचं टोक चांगलं दोन बोटं खाली गेलेलं आम्ही दोघींनी पाहिलं. म्हणजे धक्का येण्याआधीच माझं अंग त्याला घाबरतंय. पूर्वी असं कधी झालं नव्हतं.

याची मला फार काळजी वाटते. आमच्या आजोबांकडे राजापूरला पीक राखायला ठासणीची बंदूक होती. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या आधीची गोष्ट ते सांगायचे. एक डुक्कर जखमी होऊन करवंदीच्या जाळीत शिरलं, दोन दिवस शोधूनही सापडलं नाही. म्हातारपणीसुद्धा ते सांगताना त्यांचा आवाज बदलायचा. इथे तर सहा-सातशे किलोचं जनावर आहे, आणि ते जखमी होऊन झाडीत गेलं तर माझ्याआधी माग काढणारा माणूस आत जाणार.

आता माझ्यासमोर तीन पर्याय आहेत. .३७५ एच अँड एच (हॉलंड अँड हॉलंड), १९१२ पासूनची, ३०० ग्रेनची गोळी (ग्रेन म्हणजे गोळीच्या वजनाचं माप). .४१६ रिग्बी, ४०० ग्रेन, ताकद साधारण सव्वापट. तिसरा दुकानदाराने सुचवलेला: .३७५ रूगर, ताकद एच अँड एचइतकीच, पण काडतूस आखूड, त्यामुळे रायफल सुटसुटीत. डबल बॅरल ऐपतीबाहेर आहे, तो विषय सोडा.

विचारायचं ते हे: बफेलोला .३७५ खरोखर पुरते का, की ‘कायद्याने चालते’ एवढंच? माउझर पद्धतीचा बोल्ट (काडतूस नळीत ढकलणारा आणि बाहेर काढणारा दांडा) हवाच का? आणि अंगात बसलेली ही दचक कुणी घालवली असेल, तर कशी? प्रत्यक्ष अनुभव असलेल्यांनी लिहिलंत तर फार उपकार होतील.

—

प्रतिसाद:

ताई, .३७५ एच अँड एच घ्या. मी दक्षिण आफ्रिकेत, लिंपोपोत दोन बफेलो त्याच रायफलीने केले. चांगली बांधलेली गोळी, म्हणजे स्विफ्ट ए-फ्रेम किंवा बार्न्स टीएसएक्स, योग्य जागी गेली तर पुरते. .४१६ ची चुकीच्या जागी लागलेली गोळी काही भरून काढत नाही. बफेलोचं हृदय खाली आणि पुढे असतं. आडवा उभा असेल तर पुढच्या पायाच्या रेषेत, शरीराच्या खालच्या तिसऱ्या भागात नेम धरा. पहिली लागली तरी तो पडेपर्यंत मारत राहायचं, कौतुक नंतर.

रूगर वाईट नाही. पण विमानात काडतुसांची पेटी हरवली तर कॅम्पवर .३७५ एच अँड एच मिळण्याची शक्यता कितीतरी जास्त. तशीही विमानात पाच किलोच काडतुसं नेता येतात.

बोल्ट माउझर पद्धतीचाच घ्या. काडतूस मॅगझिनमधून निघतानाच पकडलं जातं, घाईत अर्धवट ओढून दुसरं अडकायची भीती कमी. जुनी विंचेस्टर मॉडेल ७० बघत असाल तर वर्ष विचारा, १९६४ पासून बरीच वर्षं त्यांनी हा बोल्ट बंद केला होता.

सगळ्यात आधी मात्र दस्ता गनस्मिथकडून तुमच्या मापाचा कापून घ्या. वजन हलकं करू नका, चार-सव्वाचार किलोची रायफलच धक्का खाते. टेबलावर बसून मोठी रायफल चालवणं बंद. उभ्याने, तिकाठीवर, दिवसाला पाच-सहा गोळ्या, बास. आणि अमेरिकेतून निघायच्या आधी कस्टम्सचा ४४५७ फॉर्म (रायफल तुम्ही इथूनच नेल्याची नोंद) करून ठेवा, परतताना लागेल.

—

धागाकर्ती:

दादा, मनापासून आभार. टेबलाचा मुद्दा माझ्या लक्षातच आला नव्हता, तिन्ही गोळ्या मी बसूनच मारल्या होत्या. .३७५ एच अँड एच नक्की. दस्त्याचं माप शनिवारी द्यायला जाते. तोवर .३०८ तिकाठीवर, मैत्रीण मधे मधे डमी भरणार.

एक राहिलं: मॅगझिनमध्ये पहिली सॉफ्ट (आत गेल्यावर पसरणारी गोळी) आणि खाली सॉलिड (न पसरता खोल जाणारी) असं तुम्ही भरलं होतंत का? दोन्ही गोळ्या पन्नास मीटरवर एकाच जागी पडतात का?