मदत हवी आहे: सुभेदारसाहेबांची पदकं आणि बुरशी आलेल्या स्लाइड्स

नमस्कार मंडळी. १९७१ च्या युद्धात पश्चिम आघाडीवर लढलेले आणि निवृत्तीनंतर सह्याद्री पालथा घातलेले आमच्या गिरिभ्रमण गटातले सुभेदारसाहेब नुकतेच गेले. दादरला त्यांच्या आठवणींचं छोटं प्रदर्शन मांडतोय.

पदकं तीन: पश्चिमी स्टार, संग्राम पदक, सैन्य सेवा पदक. त्यांना पॉलिश लावणार नाही, कडेवर कोरलेला क्रमांक आणि नाव त्यानं झिजतं. फिती विटल्यात, तशाच रंगपट्ट्यांच्या नव्या फिती मुंबईत कुठे मिळतील?

खरी अडचण ३५ मिमी स्लाइड्सची, म्हणजे प्रोजेक्टरवर दाखवायच्या फिल्मच्या चौकटींची. दमट हवेनं बुरशी धरलीय. चित्र ज्या थरात असतं ते जिलेटिन बुरशीनं पोखरलं की पाण्यात विरघळतं, म्हणजे ओलं कापड फिरवलं की चित्रच पुसलं जाणार. सध्या हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवल्यात, अधूनमधून जेल तापवून कोरडं करतो. बऱ्याच कोडॅक्रोम (कोडॅकची जुनी रंगीत फिल्म) आहेत. त्यांच्यावर स्कॅनरची इन्फ्रारेड सफाई (धूळ-ओरखडे आपोआप पुसणारी सोय) चित्रातले गडद तपशीलच डाग समजते, तेव्हा ती बंद ठेवून ३६०० डीपीआयला एकेक स्लाइड स्कॅन करणारं कुणी माहीत आहे का? गठ्ठ्यानं करणारे नकोत.

काही स्लाइड्समध्ये तुटलेल्या कातळपायऱ्या आणि वर बांधलेला दोर दिसतो. कुलंग गडाला दोर लागत नाही, म्हणून अलंग किंवा मदन असावा. हे दोन्ही गड चढलेल्या कुणी फोटो पाहून नक्की सांगाल का? चुकीच्या गडाखाली त्यांचं नाव लागायला नको.